बडोद्याने कलेला दिलेली पदवी

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले होते. ज्या कायद्याने ते स्थापन झाले तो संस्थानचा स्वतःचा कायदा होय. म्हणजे मावळत्या राज्यसत्तेने आपल्या अखेरच्या काळात केलेला. आम्हां वकिलांना मृत्युपत्रे पुष्कळ वाचावी लागतात, आणि त्यांत बहुधा घरदार, दागदागिने व ठेवी यांचीच वाटणी आढळते. बडोद्याच्या राज्याने जाता जाता जी मालमत्ता मागे ठेवली तीत एक वस्तू अशी होती की तिचे मोल त्या दिवशी फारच थोड्यांच्या ध्यानी आले असेल. ती वस्तू म्हणजे पदवी देण्याचा अधिकार. हा अधिकार हाती येताच पुढच्या वर्षी, १९५० साली, विद्यापीठाने ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली, आणि चित्रकाराला व मूर्तिकाराला आपल्या हातच्या कामावर पदवीधर होण्याचा, पुढे पदव्युत्तर अभ्यास करण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देशात असा मार्ग खुला करणारी ही पहिली विद्याशाखा समजली जाते.

आज एम.एफ.ए., एम.डेस. अशी अक्षरे नावापुढे लावणारे तरुण व तरुणी आपल्या समाजात घरोघर नसले तरी गावोगाव दिसू लागले आहेत. 'चित्र काढण्यात सहा-सात वर्षे शिकायचे ते काय?' हा वडीलधाऱ्यांचा प्रश्नही अजून ऐकू येतो, मात्र पूर्वीपेक्षा दबल्या आवाजात. प्रश्न मुळीच वेडगळ नाही. कलेला पदवी का हवी आणि ती कोणी द्यावी, हा वाद आपल्याकडे शतकभर या ना त्या रूपाने चालू होता. त्या वादाचा निकाल कलेच्या गुणावगुणांवर लागला नाही, कायद्याच्या एका कलमावर लागला. म्हणूनच माझ्यासारख्या, कुंचला कधी हाती न धरलेल्या मनुष्यास त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस होत आहे.

पदवी आणि पदविका या शब्दांत अंतर थोडे, पण कायद्यात ते फार मोठे आहे. एखादी कसलेली शिक्षणसंस्था उत्तम विद्या शिकवून पदविका किंवा प्रमाणपत्र देऊ शकते. पदवी मात्र तिला देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेस आहे, इतरांस नाही. या भेदाचा चटका बसतो तो नोकरीच्या दारात. जाहिरातीत 'पदवीधर' असा शब्द आला की पदविकाधारक कितीही निष्णात असला तरी त्यास 'समकक्षतेचा' दाखला शोधीत हिंडावे लागते. आणि समकक्षता हा शब्द असा आहे की तो सिद्ध करण्यात उमेदवाराची वर्षे जातात व नाकारण्यास एक ओळ पुरते. वेतनश्रेणी, बढती, निवृत्तिवेतन, सारे त्या ओळीवर टांगलेले.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि १८५७ च्या मार्च महिन्यात त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. मद्रासेस १८५० मध्ये आणि कलकत्त्यास १८५४ मध्ये अशा शाळा निघाल्या होत्या. लाहोरास ती १८७५ मध्ये निघाली. मौजेची गोष्ट ही की मुंबई विद्यापीठही त्याच साली, १८५७ च्या जुलैत, स्थापन झाले. एका शहरात, एका वर्षात, चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे. परंतु विद्यापीठाने आपल्या या भावंडास घरात घेतले ते १९८१ साली. मधे १२४ वर्षे लोटली.

याचे कारण सरकारच्या हेतूत होते. कारागिरांचा हात सुधारावा, इमारतींस नक्षीकाम करणारे मिळावेत, शाळांना ड्रॉइंग मास्तर पुरवावेत, एवढ्याच अपेक्षेने या शाळा चालविल्या गेल्या. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग मुंबईस शिल्प शिकविण्यास आले. पुढे बोरीबंदरच्या भव्य स्थानकावर जे कोरीव काम झाले त्यात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे अनेक हंगाम विद्यार्थ्यांची तुकडी अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडीतले. जुन्या भिंतीसमोर महिनोन् महिने बसून रेषा कशी वळते, रंगाचा थर कसा चढतो, कोठे पोपडा सुटला आहे याचा शोध घेणे, यास आजच्या परिभाषेत पदव्युत्तर संशोधन म्हणतील आणि त्यावर प्रबंध मागतील. त्या मुलांना मजुरी मिळाली, अनुभव मिळाला, पदवी मिळाली नाही. त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या, हे दुर्दैव निराळेच.

पुढे शासनाच्या परीक्षा आल्या. एलिमेंटरी, इंटरमिजिएट ही नावे आपल्या पिढीतील ज्यांनी शाळेत रंगपेटी उघडली त्यांना परकी नाहीत. शेवटच्या पायरीवर 'जी.डी. आर्ट', म्हणजे शासकीय पदविका. या पदविकेला हिणविण्याचा माझा उद्देश नाही. गोव्याहून आलेले आंतोनियु शाविएर त्रिंदाद तेथे शिकले व तेथेच शिक्षक झाले. कोल्हापूरचे धुरंधर शिकले व त्या संस्थेच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले. मडगावचे लक्ष्मण पै आणि मूळ गोमंतकीय कुळातले वासुदेव गायतोंडे यांनी १९४७-४८ च्या सुमारास तेथूनच पदविका घेतली. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना तर १९४५ मध्ये तिथून बाहेर पडावे लागले, आणि आज त्यांच्या चित्रांच्या किमती ऐकून पदवीधरांनी कानांवर हात ठेवावेत! तेव्हा पदवीवाचून चित्रकार होत नाही असे म्हणण्याची सोय नाही. प्रश्न चित्रकार होण्याचा नव्हताच. शिकलेल्या विद्येला विद्येच्या घरात बसावयास पाट मिळावा की नाही, एवढाच होता.

आता बडोद्याकडे वळू. तेथील भूमी १९५० पूर्वीच नांगरून ठेविलेली होती. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती १८९० साली त्यांनी काढलेली 'कलाभवन' ही संस्था. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे तिचे पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या आणि चित्रकला ही एका छपराखाली, आणि तीही देशी भाषेतून शिकवावी, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाशाळेनंतर याच कलाभवनात शिकले, आणि चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रणाची विद्या त्यांनी तेथे आपलीशी केली. कलाभवनाची यंत्रविद्येकडील बाजू पुढे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत गेली. परंतु कला आणि उद्योग ही सख्खी भावंडे आहेत ही समजूत त्या नगरीच्या अंगी मुरली, ती मुरलीच. १९३९ नंतरच्या काही वर्षांत नंदलाल बोस शांतिनिकेतनाहून येऊन राजघराण्याच्या कीर्तिमंदिरात भित्तिचित्रे रंगवीत होते. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक हेर्मान ग्येट्स यांच्यासारखा कलेतिहासाचा पंडित गावात होता. जागा हवी होती ती पुष्पबाग नावाच्या बंगल्याच्या रूपाने मिळाली.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांच्या कारकिर्दीत मार्कंड भट्ट विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, शंखो चौधरी मूर्तिकलेचे प्रमुख झाले, १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन् आले. आणि चित्रकलेचे प्रमुख म्हणून आले नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे इंदूरचे. १९१० साली जन्मलेल्या या गृहस्थांची जडणघडण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. होळकरांच्या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे शिक्षक चित्रकला शिकवीत. देवळालीकर हे नाव महाराष्ट्रात आज किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. पण बेंद्रे, द. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन एवढ्यांचा हात ज्याच्या नजरेखालून गेला त्या गुरूस निराळ्या प्रशस्तीची जरूरी नाही. इंदूरची मुले त्यांच्याकडे तयार होत आणि परीक्षेस मुंबईच्या मंडळाकडे बसत. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये ती पदविका मिळविली. नंतर काश्मीर सरकारच्या प्रवासी खात्यात कलावंत म्हणून नोकरी केली, १९४७-४८ मध्ये अमेरिकेचा प्रवास केला, आणि चाळिशीत बडोद्यास येऊन १९६६ पर्यंत तेथे राहिले. १९५९ पासून तर अधिष्ठातेही तेच होते. पुढे हजारोंना चित्रकलेची पदवी घडविणाऱ्या या आद्य आचार्यांजवळ चित्रकलेची स्वतःची अशी जी शासनमान्य खूण होती ती पदविकेचीच, कारण त्यांच्या तरुणपणी दुसरी खूण देणारा कोणीच नव्हता. प्रत्येक नव्या परंपरेच्या मुळाशी असा एक मनुष्य असतो, ज्याच्याजवळ त्या परंपरेचा दाखला नसतो. पहिल्या वकिलाची सनद कोणी तपासली असेल?

पदव्युत्तर शिक्षणाचे खरे कोडे निराळे होते. इतिहासाच्या एम.ए.स प्रश्नपत्रिका काढता येते. चित्राला गुण कसे द्यावयाचे? गाणाऱ्याची परीक्षा मैफलीत, तशी चित्रकाराची परीक्षा त्याच्या कामात, हे मान्य केले तरी विद्यापीठ हे अखेर शब्दांचे घर आहे. अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठाने १९४० साली एलिझाबेथ कॅटलेट यांच्या मूर्तिकामास प्रबंधाच्या ठिकाणी मान देऊन एम.एफ.ए. दिली होती, म्हणजे कलाकृतीच प्रबंध होऊ शकते हे तत्त्व तेव्हा जगात फार जुने नव्हते. बडोद्याने यातून स्वतःची वाट काढली. हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्यास कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र हेही नेमाने शिकावे लागे. जो रंगवितो त्याने अजिंठा, मोगल, इटली, चीन यांविषयी बोलावे, लिहावे. आणि जो लिहितो त्याने कामशाळेच्या दारात उभे राहून रंगाचा वास घ्यावा. या सक्तीविषयी कुरकुर झाली नसेल असे नाही. तथापि शिकलेला चित्रकार आणि चित्र जाणणारा पंडित या दोघांची भाषा एक होण्यास तिचा उपयोग झाला, हे नंतरच्या पिढ्यांनी दाखविले.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. गुलाम मोहम्मद शेख यांनी बडोद्यात १९६१ मध्ये चित्रकलेची एम.ए. घेतली आणि ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकावयास गेले. १९६६ मध्ये त्या कॉलेजाने त्यांना दिली ती 'असोशिएट' ही उपाधी. पदवी नव्हे, कारण १८३७ पासून चालत आलेल्या त्या नामांकित संस्थेस पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. राजसनदेने तो तिला मिळाला १९६७ मध्ये. म्हणजे बडोद्याचा पदव्युत्तर विद्यार्थी ज्या गुरुगृही गेला ते गुरुगृह या एका बाबतीत त्याच्या मातृसंस्थेहून सतरा वर्षे मागे होते. आपल्याकडे विलायतेहून येईल ते आधीचे आणि आपले ते नंतरचे असे धरून चालण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आरेखनाची, म्हणजे ज्यास आता सर्रास डिझाइन म्हणतात त्या विद्येची, कथा याहून वाकडी आहे. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या घरातल्या साध्या लोट्याची जी वाखाणणी केली आहे ती वाचून कोणाही गृहिणीस हसू येईल आणि मग विचार करावासा वाटेल: पाणी ओतताना तोल कोठे जातो, बोटे गळ्याशी कशी बसतात, कमरेवर वा डोक्यावर तो कसा राहतो, हे सारे कोणा एकाने नव्हे तर पिढ्यांनी ठरविले. त्या अहवालामागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. तिची कीर्ती देशोदेशी झाली, तरी तिच्या विद्यार्थ्यांना मिळे ती पदविका. संसदेने २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करीपर्यंत हीच स्थिती होती. याउलट पवई येथील तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये सुधाकर नाडकर्णी यांनी औद्योगिक आरेखनाचे पदव्युत्तर केंद्र उभे केले, ते पदवीचा अधिकार असलेल्या घरातच जन्मले. मुंबईच्या कलाशाळेत आणि जर्मनीतील उल्म येथे शिकलेल्या नाडकर्ण्यांनी ते अभियंत्यांच्या वस्तीत रुजविले. तेथे पुढे अक्षरविद्या शिकविणारे र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला. आज कचेऱ्यांतून निघणाऱ्या कितीतरी मराठी पत्रांचे वळण त्या एका शिक्षकाच्या हाताचे आहे, आणि ती पत्रे वाचणाऱ्यांस त्याची गंधवार्ताही नसते.

गोव्यात हा प्रवाह उशिरा पोहोचला. मुक्तीपूर्वी रंगाचा नाद लागलेल्या मुलाने मुंबईची वाट धरावी, हाच रिवाज. दीनानाथ दलाल तसेच गेले आणि मराठी दिवाळी अंकांचे मुखपृष्ठ ज्यांनी घडविले त्यांत अग्रभागी बसले. सांतु इस्तेव्हचे आंजेलु द फोन्सेका मुंबईची कलाशाळा सोडून थेट बंगालात गेले. १९७२ मध्ये कला अकादमीच्या प्रयत्नाने पणजीस कलामहाविद्यालय निघाले, आणि १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे लक्ष्मण पै यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले. सीमेपलीकडे बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे गुरू कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना मुले तयार करीत होते; रवी परांजपे हे त्यांचेच शिष्य. आणि ज्या मुंबईपासून आरंभ झाला त्या जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आला. सर जमशेटजींच्या देणगीस तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

एवढ्याने हा वृत्तांत पुरा झाला असता. परंतु आपल्या देवळांतील एका भिंतीचा प्रश्न त्यात उरतो.

गोव्यात व कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर काव-काम असे. शिंपल्यांचा चुना भाजून, वाळू व गूळ घालून तो मुरवीत. कुटून कुटून लोण्यासारखा करीत. भिंतीवर त्याचा ओला गिलावा चढवून त्यावर तांबड्या कावेचा थर देत. मग लोखंडी सुईसारख्या हत्याराने वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करीत, आणि त्या पांढऱ्या-तांबड्यातून वेली, गज, दशावतार, रामायणातील प्रसंग उमटत. गिलावा सुकण्यापूर्वी काम संपवावे लागे, म्हणजे आराखडा मनात पक्का असल्यावाचून हात लावण्याची सोय नव्हती. नंतर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटून भिंत काही दिवस ओली ठेवीत. रंगाचे रसायन, हाताचा वेग आणि पुराणांचे ज्ञान ही तिन्ही एकाच माणसात लागत. ज्याला बडोद्याने 'हात आणि ग्रंथ' म्हणून एकत्र आणण्याची खटपट केली ते या कारागिराकडे बापाकडूनच चालत आले होते.

बडोद्यात शिकलेल्या काही मंडळींनी अशा भिंतींची वाट शोधली, हे त्यांच्या शिक्षणाचे श्रेय होय. ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गुजरात-राजस्थानातील घरांच्या भिंती व अंगणे छायाचित्रांत उतरविली. त्यांतल्या कित्येक नंतर पुसल्या गेल्या आणि छायाचित्रेच उरली. हकू शहा यांनी स्टेला क्राम्रिश यांच्यासमवेत १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात खेड्यापाड्यांतील व आदिवासींच्या धार्मिक कलेचे प्रदर्शन मांडले. सुब्रमण्यन् मध्यंतरी हातमाग मंडळात काम करून परतले आणि विद्यार्थ्यांस घेऊन खेळणी, मातीकाम व हस्तव्यवसाय यांची जत्रा भरवू लागले. विद्यापीठ कारागिराच्या दारापर्यंत गेले खरे. कारागीर मात्र विद्यापीठाच्या दाराशी आला की त्याला प्रथम बारावीचे गुणपत्रक विचारले जाते. काव-कामावर प्रबंध लिहून डॉक्टर होता येते. काव-काम उत्तम येते म्हणून कोणास एम.एफ.ए.च्या वर्गात बसता येत नाही. आयोवाने कॅटलेट यांच्या मूर्तीस प्रबंध मानले, तसे एखाद्या भिंतीस मानता येईल काय? कायद्याच्या दृष्टीने यात अडचण दिसत नाही. विद्यापीठाच्या अध्यादेशात दोन ओळींची दुरुस्ती पुरेल.

तोवर भिंती आपल्या महाजनांच्या व देवस्थान समित्यांच्या हाती आहेत. जीर्णोद्धाराचा ठराव होतो तेव्हा वास्तुविशारदाची पदवी पाहिली जाते, अभियंत्याचा दाखला जोडला जातो, फरशीचा दर चौरस मीटरला किती हे पैशापर्यंत लिहिले जाते. काव असलेल्या भिंतीसाठी अशा ठरावात बहुधा एकच शब्दसमूह असतो: 'जुना गिलावा काढून टाकणे'.